विश्लेषण : घाट संपल्यावर छाती का आवळते? सायकलपटूंचा दम, इनहेलर आणि उत्तेजकांचा संशय

महाराष्ट्रात सायकल पुन्हा रस्त्यावर आली आहे. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, नाशिकहून पंढरपूरला निघणारी सायकल वारी, रविवारी पहाटे सिंहगड किंवा लोणावळ्याच्या दिशेने जाणारे गट हे आता नेहमीचे दृश्य आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या २.२ श्रेणीची शर्यत झाली आणि हौशी सायकलस्वारांचा उत्साह आणखी वाढला. मात्र या उत्साहात एक तक्रार हमखास ऐकू येते. चढ चढून थांबले की खोकल्याची उबळ येते, छाती आवळते, श्वासासोबत शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो. त्यावर गटातून दोनच सल्ले मिळतात : ‘स्टॅमिना वाढव’ किंवा ‘माझा पंप मार’. हे दोन्ही सल्ले अनेकदा चुकतात. हा त्रास नेमका काय असतो, तो कसा ओळखायचा आणि इनहेलर घेणाऱ्या सायकलपटूंकडे संशयाने का पाहिले जाते, याचा आढावा.

नेमका त्रास काय असतो?

व्यायामामुळे श्वासनलिका तात्पुरत्या आकुंचन पावण्याला वैद्यकीय भाषेत ‘एक्सरसाइज इंड्यूस्ड ब्रॉन्कोकन्स्ट्रिक्शन’, थोडक्यात ईआयबी म्हणतात. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोरात सायकल चालवताना हे प्रमाण १०० लिटरच्या पुढे जाते, कसलेल्या सायकलपटूंमध्ये १५० लिटरच्याही वर. इतकी हवा एकट्या नाकातून जाऊ शकत नाही. तोंड उघडावेच लागते. नाकातून जाणारी हवा गरम आणि ओलसर होऊन फुफ्फुसांपर्यंत पोहोचते, तोंडाने घेतलेल्या हवेला ती संधी मिळत नाही. मग हवा ओली करण्याचे काम खालच्या श्वासनलिकांवर येते. त्यांच्या आतल्या अस्तरावरचे पाणी उडून जाते, उरलेल्या द्रवातील क्षारांचे प्रमाण वाढते आणि तेथील पेशी हिस्टामीन व ल्युकोट्राइनसारखी रसायने सोडतात. या रसायनांमुळे श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात. हवा जितकी कोरडी आणि थंड, तितका त्रास अधिक.

यातली एक गोष्ट अनेकांना चक्रावून टाकते. त्रास ऐन चढावर कमी आणि थांबल्यावर जास्त होतो. जोरात पॅडल मारताना खोल श्वास आणि शरीरातील ॲड्रेनलिन श्वासनलिका उघड्या ठेवायला मदत करतात. व्यायाम थांबला की ही मदत संपते. त्यामुळे घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी, थांबल्यानंतर पाच ते पंधरा मिनिटांत, खोकला आणि छातीतला आवळ सर्वांत तीव्र होतो. पुढे साधारण अर्ध्या ते दीड तासात तो बहुधा आपोआप ओसरतो. आपोआप ओसरतो, म्हणूनच तो डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही.

हा दमाच आहे का?

दोन्हींचे नाते जवळचे आहे, पण ते एकच नाहीत. दमा असलेल्या बहुतेक रुग्णांना, विशेषतः आजार नियंत्रणात नसेल तर, व्यायामाने त्रास होतो. मात्र एरवी दम्याचे कोणतेही लक्षण नसलेल्या खेळाडूलाही ईआयबी असू शकतो. फरक उपचारांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. रात्री झोपेतून उठवणारा खोकला, धूळ किंवा फटाक्यांच्या धुराने लागणारी धाप, लहानपणीचा ‘बाळदमा’ किंवा घरात कुणाला ॲलर्जी असेल, तर सायकलवरचा त्रास हे मूळच्या दम्याचे एक टोक असण्याची शक्यता वाढते. अशा वेळी केवळ व्यायामापुरता उपाय पुरत नाही.

भारतात ही बाब गांभीर्याने घेण्याचे कारण आकड्यांत आहे. जागतिक रोगभाराच्या अंदाजानुसार देशात सुमारे साडेतीन कोटी लोकांना दमा आहे. जगातील एकूण दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात असले, तरी दम्याने होणाऱ्या मृत्यूंमधला भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक असल्याचे सांगितले जाते. उशिरा निदान आणि नियमित औषधाचा अभाव ही त्यामागची ठळक कारणे मानली जातात.

सायकलपटूंना हा त्रास अधिक का?

क्रिकेट किंवा बॅडमिंटनमध्ये धावपळ असते, पण तुकड्यातुकड्यांत. सायकलपटू तासन् तास एकाच जोराने श्वास घेत राहतो. धावपटू, सायकलपटू, जलतरणपटू आणि बर्फावरचे स्कीपटू अशा दमसासाच्या खेळांतील खेळाडूंमध्ये ईआयबीचे प्रमाण सर्वसामान्यांपेक्षा जास्त आढळते. वर्षानुवर्षे कोरडी, प्रदूषित हवा मोठ्या प्रमाणात ओढल्याने श्वासनलिकांचे अस्तर वारंवार दुखावते आणि संवेदनशील होते, असे यामागचे स्पष्टीकरण आहे. २००० च्या सिडनी आणि २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकसाठीच्या ब्रिटिश पथकात सुमारे २१ टक्के खेळाडूंना दमा असल्याचे आढळले होते. २००४ च्या पथकासाठी तर चाचणीने सिद्ध झालेले निदानच ग्राह्य धरले गेले, तरीही आकडा तेवढाच राहिला.

याचा अर्थ दम्याचा त्रास असलेले खेळाडू मागे पडतात असा नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमधील ५९७ अमेरिकी खेळाडूंपैकी ६७ जणांना व्यायामजन्य दमा होता आणि त्यांनी मिळून ४१ पदके जिंकली होती. निदान झालेले होते आणि उपचार सुरू होते, हे त्या यशामागचे साधे कारण.

महाराष्ट्रातील हवेचा काय संबंध?

किनारपट्टीवरची दमट हवा श्वासनलिका कमी कोरड्या पाडते. त्या मानाने पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरची डिसेंबर-जानेवारीतील पहाट थंड आणि कोरडी असते. त्यात प्रदूषणाची भर पडते. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. त्यामुळे वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूर रात्रभर खालीच साचतो. ‘पहाटेची शुद्ध हवा’ हा समज शहरातल्या हिवाळ्यात म्हणूनच फसवा ठरतो. सहापेक्षा नऊ वाजताची हवा अनेकदा बरी असते. याउलट उन्हाळ्यात दुपारच्या उन्हात ओझोन वायूचे प्रमाण वाढते, तेव्हा सकाळच योग्य.

दमट मुंबईलाही सूट नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये शहराची हवा इतकी बिघडली की मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि दिवाळीतील फटाक्यांची वेळ मर्यादित केली. सायकलस्वारासाठी प्रश्न दुहेरी आहे. बसमधला प्रवासी आणि सायकलस्वार एकाच रस्त्यावर असले, तरी सायकलस्वार मिनिटाला कितीतरी पट अधिक हवा, आणि तीही ट्रकच्या धुराड्याच्या उंचीवरून, आत घेत असतो. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची भारतीय मर्यादा २४ तासांसाठी सरासरी ६० मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटर आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा १५ आहे. म्हणजे सरकारी नोंदीत ‘समाधानकारक’ ठरलेला दिवसही संवेदनशील श्वासनलिकांसाठी समाधानकारक असेलच असे नाही.

साधी धाप आणि आजार, फरक कसा ओळखायचा?

चढावर धाप लागणे हे आजाराचे लक्षण नाही. जोर कमी केला की दोन-तीन मिनिटांत श्वास पूर्ववत होत असेल आणि खोकला किंवा शिट्टीसारखा आवाज नसेल, तर ती नैसर्गिक धाप आहे. थांबल्यानंतर त्रास वाढत असेल, त्याच जोराच्या राइडनंतर थंडीत तो पुन्हा पुन्हा होत असेल, सोबतच्या त्याच तयारीच्या लोकांना होत नसेल, तर ईआयबीचा संशय घ्यावा.

मात्र त्याच्यासारखे दिसणारे इतर आजारही आहेत. काहींमध्ये अडथळा फुफ्फुसांत नसतो, तो गळ्यात, स्वरयंत्रापाशी असतो. जोर शिगेला पोहोचताच श्वास आत घेताना घरघर किंवा घोगरा आवाज येतो, गळा आवळल्यासारखे वाटते आणि थांबताच काही मिनिटांत सुटते. तरुण खेळाडूंमध्ये, त्यातही मुलींमध्ये, हे बऱ्याचदा दिसते. यावर पंपाचा उपयोग होत नाही. श्वसनाचे विशिष्ट व्यायाम आणि स्पीच थेरपी लागते. इनहेलर बदलूनही फरक पडत नसेल, तर या शक्यतेचा विचार व्हायला हवा.

दुसरी शक्यता रक्तक्षयाची. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन कमी असेल, तर चढावर दम लागणारच, आणि त्यावर उत्तर साध्या रक्तचाचणीत सापडते. तिसरी आणि सर्वांत गंभीर शक्यता हृदयविकाराची. चाळिशीनंतर सायकलकडे वळलेल्यांची संख्या मोठी आहे. त्यांच्यात श्रमासोबत छातीत दडपण, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, चक्कर किंवा अचानक घटलेली क्षमता दिसली, तर आधी हृदयाची तपासणी व्हायला हवी. छातीतला आवळ ‘दम्याचाच’ असे गृहीत धरून पंप मारत राहणे जिवावर बेतू शकते.

निदान कसे होते?

केवळ लक्षणांवरून केलेले निदान बऱ्याचदा चुकते, हे खेळाडूंवरील अभ्यासांत वारंवार दिसले आहे. लक्षणे असलेल्या अनेकांच्या चाचण्या सामान्य येतात आणि तक्रार नसलेल्या काहींच्या श्वासनलिका आकुंचन पावताना दिसतात. त्यामुळे चाचणीला पर्याय नाही.

पहिली पायरी स्पायरोमेट्री. नळीत जोरात फुंकर मारून पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे मोजले जाते. पण आरामात बसून केलेली ही चाचणी ईआयबीच्या रुग्णात अगदी सामान्य येऊ शकते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, काही झालेले नाही’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते ते येथेच. पुढची पायरी व्यायाम चाचणी. ट्रेडमिल किंवा स्थिर सायकलवर सहा ते आठ मिनिटे जोराचा व्यायाम करवून घेतात, नंतर अर्ध्या तासापर्यंत ठरावीक अंतराने फुंकर मोजतात. पहिल्या सेकंदातील हवा आधीच्या तुलनेत १० टक्के किंवा त्याहून अधिक घटली, तर ईआयबीचे निदान पक्के होऊ शकते. काही केंद्रांत कोरडी हवा वेगाने श्वासावाटे घ्यायला लावूनही ही परीक्षा होते. घरच्या घरी नोंद ठेवण्यासाठी पीक फ्लो मीटर हे स्वस्त साधन आहे. राइडच्या आधी, थांबल्यावर दहा मिनिटांनी आणि अर्ध्या तासाने घेतलेल्या आकड्यांची दोन आठवड्यांची वही डॉक्टरांना बरेच काही सांगून जाते. अर्थात ती चाचणीची जागा घेत नाही.

निळा पंप पुरेसा का नाही?

सर्वांना माहीत असलेला, बहुधा निळ्या रंगाचा पंप म्हणजे साल्ब्युटामॉल. तो श्वासनलिकांभोवतीचे स्नायू सैल करतो. राइडच्या साधारण १५ मिनिटे आधी घेतल्यास दोन ते चार तास संरक्षण मिळते. पण आतली सूज तो कमी करत नाही. शिवाय रोज घेतल्यास शरीर त्याला सरावते आणि संरक्षणाचा काळ घटत जातो. पहिल्या महिन्यात दोन पफ पुरत होते, आता चारही पुरत नाहीत, अशी तक्रार त्यातूनच येते.

दम्याच्या उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ अर्थात जिना या संस्थेने २०१९ मध्ये या बाबतीत मोठा बदल केला. बारा वर्षांवरील दमेकऱ्यांनी केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर विसंबू नये, सोबत श्वासावाटे घेण्याचे अल्प मात्रेतील स्टेरॉइड असावेच, अशी शिफारस आली. सौम्य दम्यात बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल यांचा एकत्रित पंप गरजेनुसार आणि व्यायामापूर्वी घेण्याचा पर्यायही पुढे आला. व्यायामापूर्वी पंप रोजच लागत असेल किंवा आठवड्यात अनेकदा त्रास होत असेल, तर सूज उतरवणारे नियमित औषध हवे. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागू शकतात. ‘दोन दिवस घेतले, फरक नाही’ म्हणून ते सोडणे ही नेहमीची चूक आहे.

मॉन्टेल्युकास्टच्या गोळ्याही काहींना उपयोगी पडतात. मात्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये या औषधाच्या मानसिक दुष्परिणामांबाबत सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा दिला. झोप, मनःस्थिती किंवा वागण्यात बदल जाणवल्यास डॉक्टरांना लगेच सांगायला हवे.

‘पंपाची सवय लागते’ आणि ‘स्टेरॉइड म्हणजे घातक’ हे दोन समज महाराष्ट्रातील घराघरांत आहेत. पंपातून जाणारी मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात मोजली जाते आणि ती थेट श्वासनलिकांत पोहोचते. गोळीची मात्रा मिलिग्रॅममध्ये असते आणि ती सगळ्या शरीरात फिरते. व्यायामशाळांत स्नायू वाढवण्यासाठी चोरून घेतली जाणारी स्टेरॉइड तर वेगळ्याच गटातील आहेत. नाव सारखे म्हणून भीती सारखी ठेवणे योग्य नाही. पफ मारल्यावर चूळ भरली, स्पेसर वापरला, तर तोंडात बुरशी येण्याचा धोकाही कमी होतो.

मग इनहेलरवर संशय का?

याचे मोठे कारण ख्रिस फ्रूम प्रकरण. ब्रिटनच्या या सायकलपटूने २०१७ मध्ये टूर द फ्रान्स आणि स्पेनची व्हुएल्टा या दोन्ही शर्यती जिंकल्या. त्याला लहानपणापासून दमा होता आणि शर्यतीत पंप वापरताना तो टीव्हीवर अनेकदा दिसला होता. व्हुएल्टादरम्यान ७ सप्टेंबर २०१७ रोजी घेतलेल्या त्याच्या लघवीच्या नमुन्यात साल्ब्युटामॉलचे प्रमाण प्रतिमिलिलिटर २००० नॅनोग्रॅम आढळले. मर्यादा होती १०००. डिसेंबरमध्ये ही बातमी फुटली आणि ‘दम्याच्या नावाखाली फसवणूक’ असा गदारोळ उठला. प्रकरण प्रलंबित असतानाच मे २०१८ मध्ये त्याने इटलीची जिरो जिंकली. त्याने टूरमध्ये उतरू नये, असा टूरच्या आयोजकांचा प्रयत्न होता.

२ जुलै २०१८ रोजी, टूर सुरू होण्याच्या पाच दिवस आधी, यूसीआयने त्याला निर्दोष ठरवले. हा निकाल परवानगी असलेल्या मात्रेशी विसंगत नाही, हे जागतिक उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने मान्य केले होते. तीन आठवड्यांच्या शर्यतीत शरीरातील पाणी घटते, लघवी दाट होते, औषध रोज साठत जाते. दाटपणाचा हिशेब केल्यावर फ्रूमचा आकडा सुमारे १४२९ वर आला. किती औषध घेतले आणि लघवीत किती उतरले यांचे नाते प्रत्येक शरीरात आणि प्रत्येक दिवशी बदलते, हा या वादातला कळीचा मुद्दा ठरला.

सर्वांच्या वाट्याला असा निकाल आला नाही. इटलीचा दिएगो उलिसी २०१४ च्या जिरोमध्ये १९०० नॅनोग्रॅमवर सापडला आणि त्याच्यावर नऊ महिन्यांची बंदी आली. त्याआधी २००७ च्या जिरोमध्ये १३२० नॅनोग्रॅम आढळलेल्या अलेस्सांद्रो पेताक्कीवर क्रीडा लवादाने बंदी घातली. त्याचा हेतू फसवणुकीचा नव्हता, पण त्याने पुरेशी काळजी घेतली नाही, असे लवादाचे म्हणणे होते. ब्रिटनच्या सायमन येट्सवर २०१६ मध्ये चार महिन्यांची बंदी आली ती टर्ब्युटालीन या दम्याच्याच औषधामुळे. संघाच्या डॉक्टरांनी आवश्यक परवानगीचा अर्ज केला नव्हता. ही चूक हेतुपुरस्सर नव्हती, हे मान्य होऊनही बंदी टळली नाही.

पंपाने वेग वाढतो का?

दमा नसलेल्या खेळाडूंनी परवानगीच्या मात्रेत श्वासावाटे घेतलेल्या साल्ब्युटामॉलने दमसासाच्या खेळातील कामगिरी उल्लेखनीय वाढते, असे आतापर्यंतच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलेले नाही. निरोगी श्वासनलिका आधीच पुरेशा उघड्या असतात. गोळी किंवा इंजेक्शनवाटे मोठ्या मात्रेत घेतल्यास मात्र स्नायूंवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ते मार्ग बंदीत आहेत. थोडक्यात, पंप आजारी फुफ्फुसाला निरोगी फुफ्फुसाच्या जवळ आणतो. त्याच्या पुढे नेत नाही. शेजारच्या सायकलस्वाराचा पंप ‘एकदा मारून बघितल्याने’ निरोगी माणसाला मिळतात ते बहुधा हातांची थरथर आणि छातीची धडधड.

भारतातील स्पर्धकांनी काय जपावे?

वाडाच्या नियमांनुसार साल्ब्युटामॉल पंपावाटे २४ तासांत जास्तीत जास्त १६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही आठ तासांत ६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. भारतात मिळणाऱ्या नेहमीच्या पंपात एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतात. म्हणजे आठ तासांत सहा पफ. फॉर्मोटेरॉलला २४ तासांत ५४ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. श्वासावाटे घेतलेली स्टेरॉइड चालतात. पण शर्यतीच्या काळात स्टेरॉइडच्या गोळ्या चालत नाहीत आणि त्यासाठी वैद्यकीय कारणाची आगाऊ मंजुरी, म्हणजे टीयूई लागते.

खरा सापळा मात्र पंपात नाही, खोकल्याच्या बाटलीत आहे. भारतात औषधांच्या दुकानांत सर्रास मिळणाऱ्या कफावरील अनेक सिरपमध्ये टर्ब्युटालीन किंवा साल्ब्युटामॉल असते. टर्ब्युटालीन कोणत्याही मार्गाने घेतले तरी बंदीत मोडते, साल्ब्युटामॉल तोंडावाटे घेतले तर मोडते. येट्सवर बंदी आणणारे औषध येथे दोन चमचे सिरपमधून पोटात जाऊ शकते. ‘खोकला होता म्हणून घेतले’ हे स्पष्टीकरण शिक्षा कमी करू शकते, पण निकाल पुसत नाही. वाडाची यादी दरवर्षी १ जानेवारीला बदलते. त्यामुळे परवानाधारक स्पर्धकाने बाटलीवरील घटकांची नावे वाचणे आणि राष्ट्रीय संस्था नाडाच्या सुविधेवर औषध तपासणे ही सवय लावून घ्यायला हवी.

राइडच्या दिवशी काय करता येते?

औषधाखेरीजही बरेच काही हाती असते. पहिला उपाय वॉर्मअप. दहा-पंधरा मिनिटे हळू चालवताना मधे मधे अर्ध्या मिनिटाचे जोरदार टप्पे घेतले, तर ईआयबी असलेल्या सुमारे निम्म्या लोकांमध्ये पुढचे एक-दोन तास श्वासनलिका कमी आकुंचन पावतात. घराबाहेर पडताच थेट चढाला भिडणे त्यांच्यासाठी सर्वांत वाईट. दुसरा उपाय थंडीत नाका-तोंडावर पातळ बफ. बाहेर टाकलेल्या श्वासाची ऊब आणि ओल त्यात टिकते. धुळीचे सूक्ष्म कण मात्र त्याने अडत नाहीत. ते अडवणारा एन ९५ मास्क जोराच्या चढावर त्रासदायक ठरतो. तिसरा उपाय थांबण्याच्या पद्धतीत. माथ्यावर एकदम न थांबता पाच-दहा मिनिटे हलके पॅडल मारत श्वास उतरू द्यावा.

चौथा उपाय हवा पाहून बेत ठरवण्याचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर शहराचा हवा गुणवत्ता निर्देशांक दिसतो. तो २०० च्या वर म्हणजे ‘वाईट’ गटात असेल, तर दमेकरी सायकलपटूने जोराची राइड टाळून घरातल्या ट्रेनरवर किंवा हलक्या व्यायामावर भागवावे. महामार्गाऐवजी आतला रस्ता निवडल्यानेही फरक पडतो. सर्दी-तापानंतर श्वासनलिका काही आठवडे नाजूक राहतात, त्या काळात शर्यतीची घाई नको.

सोबत्यांनाही काही गोष्टी माहीत हव्यात. कुणाचा पंप कोणत्या खिशात आहे, हे गटातल्या किमान दोघांना ठाऊक असावे. अचानक त्रास झाला तर माणसाला आडवे न करता बसवावे, कपडे सैल करावेत, त्याचा स्वतःचा आराम देणारा पंप शक्यतो स्पेसरमधून द्यावा. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाने काही मिनिटांत आराम पडत नसेल, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. घाटात मोबाइलला रेंज नसते, म्हणून हा निर्णय लवकर घ्यावा लागतो.

मुद्दा काय?

फ्रूम प्रकरणातून अनेकांनी ‘पंप म्हणजे गडबड’ एवढेच उचलले. त्याच शर्यतींमधून दिसणारी दुसरी बाब अशी, की चाचणीने सिद्ध झालेला, नोंदवलेला आणि नियमात राहून उपचार घेतलेला दमा माणसाला डोंगर चढण्यापासून रोखत नाही. नुकसान होते ते लपवल्याने. गटात हसे होईल म्हणून पंप घरी ठेवणारा, उसना पंप मारणारा आणि ‘स्टॅमिना’ वाढवण्यासाठी खोकत खोकत आणखी जोर लावणारा, हे तिघेही एकच गोष्ट टाळत असतात : फुंकर मारून पाहण्याची एक चाचणी. हजारो रुपयांची सायकल, हेल्मेट आणि पॉवर मीटर यांच्या तुलनेत तिचा खर्च किरकोळ आहे. मोसम सुरू होण्यापूर्वी चेनला तेल घालतात, ब्रेक तपासतात. दर थंडीत घाट संपल्यावर खोकणाऱ्याने त्या यादीत फुफ्फुसांचीही भर घालायला हवी.